शिट्टीचा लूप

मी बंगळूरला भांडायला गेले होते, हे आधीच सांगून टाकते. बागा, तलाव आणि राजवाडे यांची माहिती ज्यांना हवी असेल त्यांना ती इथे मिळणार नाही. लालबागेच्या भिंतीला लागून माझी रिक्षा गेली तेव्हा मी मीटरकडे बघत होते, आणि मीटर बंद होता.

सोलापुरात माझं गणवेश शिवायचं युनिट आहे. शाळांचे, कारखान्यातल्या कामगारांचे आणि वॉचमन लोकांचे कपडे आम्ही शिवतो. सुरुवात एका मशीनवर झाली, तेही दुकानदाराला रडकुंडीला आणून स्वस्तात घेतलेलं. आता पत्र्याच्या शेडमध्ये चार रांगा आहेत. रांगेतल्या बायकांना मी नावानं ओळखते आणि त्यांच्या नवऱ्यांना त्यांच्या सवयींवरून. शाळांचं काम जूनमध्ये संपतं. त्यानंतर निम्म्या बायकांना घरी बसवावं लागतं. हे सांगायची वेळ जवळ आली की मला आठवडाभर आधीच राग यायला लागतो, कुणाचा ते कळत नाही.

म्हणून मागच्या वर्षी बंगळूरच्या एका कपड्यांच्या ब्रँडचा तन्मय नावाचा मुलगा जॅकेटं शिवून द्याल का विचारत आला, तेव्हा मी लगेच हो म्हणाले. हा मूळचा पुण्याचा, बोलायला गोड. त्याला हवी होती ती जॅकेटं पुढे चेनची, मनगटाला आणि कमरेला विणलेली पट्टी, डाव्या बाहीवर पेन ठेवायचा छोटा खिसा अशी. त्याला बाँबर म्हणतात. विमानातल्या सैनिकांचं जॅकेट, आता कॉलेजची पोरं घालतात. सोलापूरच्या उन्हात, पंखे पूर्ण फिरवून, आम्ही नमुन्याचा पहिला लॉट शिवला. तो पसंत पडला की हिवाळ्याची मोठी ऑर्डर येणार होती, आणि त्या वर्षी मी एकाही बाईला घरी बसवलं नव्हतं.

लॉट परत आला. तन्मयनं व्हिडिओ कॉलवर जॅकेट कॅमेऱ्यासमोर धरून सांगितलं, "काकू, अस्तर ऑरेंज सांगितलं होतं, तुम्ही नेव्ही ब्लू लावलंय. आणि छातीवर हा लूप कसला? सगळं जरा वॉचमनसारखं दिसतंय."

अस्तराचं त्याचं बरोबर होतं. निळं अस्तर माझ्याकडे शाळांच्या ब्लेझरसाठी भरलेलं होतं, आणि आतून कोण बघतो असं मला वाटलं. लूपचं कारण निराळं. साखर कारखान्याच्या वॉचमननी एकदा तक्रार केली होती की सायकलवर वाकलं की गळ्यातली शिट्टी हँडलमध्ये अडकते. तेव्हा मी त्यांच्या शर्टावर डाव्या छातीशी एक बारीक लूप लावून दिला. खांद्यावरून दोरी येते आणि शिट्टीचं चपटं तोंड त्यात अडकून बसतं. लूप थोडा तिरका आहे, कारण सरळ लावला की दोरी घासून तुटते. आमच्या कलावतीनं वर्षानुवर्षं तो लूप लावला आहे. जॅकेटाचा डावा पुढा, म्हणजे छातीकडचा तुकडा, तिच्या हातात गेला आणि हातानं सवयीनं लूप लावून टाकला. माझ्या लक्षात येईपर्यंत गठ्ठा शिवून झाला होता. नायलॉनवरचा टाका उसवला की सुईची भोकं राहतात, म्हणून मी तसाच जाऊ दिला.

चूक होती, मान्य. पण अस्तर बदलून मागता आलं असतं. त्यानं ऑर्डरच थांबवली आणि वर "वॉचमनसारखं" म्हणाला. मला तेव्हापासून संशय होता की काम दुसऱ्याला द्यायचं आधीच ठरलं होतं आणि कारण मागाहून शोधलं. परत आलेलं एक जॅकेट पिशवीत घालून मी निघाले.

जे. पी. नगर

माझा भाचा निनाद जे. पी. नगरमध्ये राहतो, आयटीत आहे. मी पोचले तेव्हा तो घरातच मांडीवर मोठे खिसे असलेली पँट घालून कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"मावशी, प्लीज सीन करू नकोस हां तिकडे," त्यानं पहिलंच वाक्य म्हटलं. "इथे लोक असं ओरडत नाहीत."

"मग काय करतात?"

"मेल करतात."

कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यानं मला कॉफी पाजली. स्टीलच्या छोट्या पेल्यात येते, वर भरपूर फेस. फेस बसला तेव्हा पेला निम्मा रिकामा निघाला. हे शहर कॉफीसारखंच असणार असं मला वाटलं. पण चव बघून मी दुसरी मागवली, हेही लिहायला हवं.

सोसायटीच्या फाटकात परतताना मी थांबले. वॉचमननं सलाम केला. त्याच्या शर्टावर डाव्या छातीशी तिरका लूप होता आणि लूपमध्ये शिट्टी. मी त्याची कॉलर उलटून बघितली. बिचारा मागे सरकला. आतला शिक्का माझ्याच युनिटचा होता. कुठल्या तरी ठेकेदारामार्फत माझा शर्ट माझ्याआधी बंगळूरला येऊन राहिला होता.

वॉचमनचं नाव बसवराज, कलबुर्गीकडचा. सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर कन्नड लहानपणापासून पडतं, आणि त्याची बोली तर आमच्या शेजारचीच. पण या शहरात मला कन्नड येतं हे मी फक्त त्यालाच कळू दिलं. समोरच्याला वाटतं आपलं बोलणं हिला समजत नाही, तेव्हा तो जे बोलतो तेवढंच धंद्यात खरं धरावं, अशी माझी पद्धत आहे.

"शर्ट कसा आहे?" मी त्याला विचारलं.

"काखेत टोचतो, अक्का. पण शिट्टीची सोय बरी आहे. आधीच्या कंपनीत शिट्टी जेवणात पडायची."

काखेचं मी लक्षात ठेवलं.

दुपारी निनादला न सांगता मी तन्मयच्या ब्रँडचं दुकान बघायला गेले. मुख्य रस्त्यावर आहे. आत छताला पॅराशूट टांगलेलं, कोपऱ्यात लाकडी खोकी, जणू आत काडतुसं आहेत. मी एक खोकं हलवून बघितलं, रिकामं होतं. प्रत्येक कपड्याला एक जाड कार्ड लटकवलेलं आणि त्यावर त्या कपड्याचा इतिहास. टीशर्ट म्हणजे खलाशांचा आतला कपडा, उकाड्यात त्यांनी वरचा काढून टाकला आणि आतलाच बाहेरचा झाला. निनादच्या पँटचे ते मोठे खिसे लढाईतले नकाशे ठेवायला. मनगटावरचं घड्याळ तर म्हणे पूर्वी बायकांचा दागिना समजायचे. खंदकातल्या शिपायांना खिशातून घड्याळ काढायला हात मोकळा नसायचा, म्हणून ते मनगटावर आलं. खाकी रंग असाच धुळीत लपण्यासाठी. वाचता वाचता मी दुकानातल्या लोकांकडे बघायला लागले. सगळे शिपाई. एक पोट सुटलेला शिपाई हाफ पँट घालून बघत होता.

माझा या कार्डांवर विश्वास बसेना. एवढं सगळं लढाईतून आलं असेल तर शांततेच्या काळात शिंपी काय करत होते? मी स्वतः गिऱ्हाइकाला कापडाबद्दल बरंच काही सांगितलेलं आहे. कापड विकायचं असलं की गोष्ट आपोआप सुचते.

मग बाँबर जॅकेटांची रांग आली. हिरवी, आतून नारिंगी. डाव्या छातीशी तिरका लूप.

मी बोट लावून बघितलं. तीच रुंदी, तोच तिरकेपणा, वरच्या टोकाला दोनदा मारलेला टाका. तो दुसरा टाका कलावती मारते, कारण पहिल्यावर तिचा विश्वास नसतो.

विक्रीला उभी असलेली मुलगी जवळ आली. मी हिंदीत विचारलं, हे कशासाठी? तिनं कार्ड फिरवून दाखवलं. "मॅम, ये पायलट का ऑक्सिजन पाइप लगाने के लिए है. ओरिजिनल डिटेल है."

"ओरिजिनल?" मी म्हटलं.

"हां मॅम. वर्ल्ड वॉर का."

माझ्या पिशवीत तसाच लूप असलेलं जॅकेट होतं, आणि ते वॉचमनसारखं म्हणून परत आलं होतं. मी तिथेच आवाज चढवणार होते, पण त्या मुलीचा काय दोष. शिवाय मला अजून हे माहीत नव्हतं की कार्ड खोटं आहे. विमानवाल्यांच्या जॅकेटाला खरंच तसला लूप असेल तर माझं भांडण तिथेच संपत होतं.

कंटोन्मेंट

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंटोन्मेंटच्या कापडाच्या गल्ल्यांमध्ये नारिंगी अस्तराचे भाव काढत फिरले. भांडायला गेलं तरी भाव काढून ठेवावेत. एका दुकानदारानं सांगितलं की जॅकेटांचं काही विचारायचं असेल तर मागच्या गल्लीतल्या श्रीपादरावांकडे जा, तीन पिढ्या लष्करी अधिकाऱ्यांचे कपडे शिवतात, आणि ते मराठी आहेत.

श्रीपादराव सत्तरीचे. मिशा वर वळवलेल्या, गळ्यात टेप असा टाकलेला की जणू पदक. बाहेर पाटी होती, तिच्यावर स्वतःचं नाव दुकानाच्या नावापेक्षा मोठं.

"या अक्का, स्वल्प बसा," ते म्हणाले. "सोलापूरच्या काय? आम्ही पण तिकडचेच की. म्हणजे आमचे पूर्वज. साडेतीनशे वर्षं झाली, फौजेबरोबर इकडे आले. मग परत जायचं राहून गेलं."

त्यांची मराठी कानाला गावातली पण चालीनं कन्नड. बोलता बोलता "आयतु" म्हणजे झालं, असं म्हणून विषय संपवायचे आणि लगेच दुसरा काढायचे. पूर्वज फौजेत शिपाई होते की शिपायांचे कपडे शिवत होते, असं मी विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"त्या काळी दोन्ही एकच होतं."

मला ते पटलं नाही, पण साडेतीनशे वर्षांचा साक्षीदार कुठून आणणार.

मी कार्डांवरच्या गोष्टी एकेक करून विचारल्या. टीशर्ट, घड्याळ, नकाशाचे खिसे त्यांनी खरे म्हणून सांगितले. स्वेटर समोरून उघडा असतो तो कार्डिगन एका इंग्रज घोडदळाच्या सरदारावरून, हेही. मग कोटाच्या बाहीवरच्या बटणांबद्दल म्हणाले, "शिपाई बाहीला नाक पुसायचे, म्हणून सेनापतीनं तिथे बटणं लावायला सांगितलं."

"खरं?"

"मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो."

"मी खरं का ते विचारलं."

"अक्का, गिऱ्हाईक हसतं, कोट घेऊन जातं. खरं-खोटं त्या सेनापतीला ठाऊक."

हा माणूस माझ्याच जातीचा निघाला, म्हणजे धंद्याच्या. त्यामुळे त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा याचा अंदाज मला आला. आमचा खरा वाद बाराबंदीवरून झाला. ते म्हणाले, बंद बांधायचा अंगरखा हाही शिपायाचाच, मोठ्या बटणापेक्षा बंद लढाईत बरे. मी म्हटलं, आमच्याकडे सिद्धेश्वराच्या यात्रेला हजारो माणसं पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजापुढे चालतात, त्यातला एकही लढायला निघालेला नसतो. ते म्हणाले, "आता नसतो. आधी कोण होते?" मी म्हटलं, "आधी शेतकरी होते, विणकर होते, त्यांच्याकडून तुमच्या फौजेनं घेतली." दोघंही मागे हटेनात. शेवटी ते उठले. "आयतु. जेवायला चला. भुकेल्या पोटी बाई फार भांडते."

जवळच एक मिलिटरी हॉटेल होतं. या शहरात मटणाच्या खानावळींना असं म्हणतात. आत एकही फौजी नव्हता, बँकेतली माणसं होती. नाव का पडलं विचारलं तर श्रीपादराव म्हणाले मराठे शिपाई इथे जेवायचे म्हणून, आणि गल्ल्यावरच्या मालकानं कन्नडमध्ये वाढप्याला म्हटलं की गोऱ्यांच्या पलटणी जेवायच्या म्हणून. मला समजलं नाही असं मी दाखवलं. एका जेवणात एकाच नावाचे दोन इतिहास झाले. मटणाचा रस्सा मात्र दोन्ही सैन्यांनी मान्य केला असता. त्याच्याबरोबर नाचणीचा मोठा गोळा येतो, मुद्दे म्हणतात. आमच्याकडे ज्वारीची भाकरी कडक, मोडली की आवाज येतो. मी सवयीनं गोळ्याचा घास चावायला घेतला तो टाळूला चिकटला, आणि मला बोलता येईना.

"चावायचं नाही, गिळायचं," श्रीपादराव समाधानानं म्हणाले. "बघा, आता कशा शांत बसल्या."

माझं तोंड बंद आहे तोवर त्यांनी माझं जॅकेट पिशवीतून काढून टेबलावर पसरलं. अस्तर उलटं करून बघितलं आणि मान हलवली. "निळं लावलंत हे वाईट. नारिंगी शोभेसाठी नसतं. विमान पडलं की वैमानिक जॅकेट उलटं करून घालतो, वरून शोधणाऱ्याला दिसावा म्हणून. निळं घालून समुद्रात पडला तर कोण शोधणार त्याला?"

मला घास गिळावा लागला. आतून कोण बघतो असं मला वाटलं होतं. बघणारा जीव वाचवायला येत होता.

मग लूप. त्यांनी चष्मा वर केला.

"असला पट्टा वैमानिकांच्या जॅकेटाला होता," ते म्हणाले. "प्राणवायूच्या नळीचा चिमटा अडकवायला. मी पाहिलेला आहे."

मी जॅकेटाची घडी घालायला हात पुढे केला.

"पण रुंद आणि सरळ. हा तर तिरका. आणि यात नळी जाणार? यात गवताची काडी जाईल." त्यांनी करंगळी घालून दाखवली, पेरापाशीच अडकली. "तुमचा लूप तुमचाच आहे, अक्का. पण कार्ड खोटं आहे म्हणून ओरडू नका. तसला पट्टा होता, एवढं तो दाखवून देईल. मग तुम्ही काय करणार?"

जेवणाचं मी देणार म्हटलं, ते म्हणाले मी देणार, आणि त्यावर आम्ही मालकासमोर जेवढा वेळ भांडलो तेवढ्यात दुसरे कोणी जेवून गेले असते. त्यांनीच दिलं. अजून मला त्यात काही हेतू असावा असं वाटतं, पण तो सापडलेला नाही.

होसकोटे

तन्मयला फोन केला तर तो म्हणाला, "काकू, मी दिवसभर होसकोटेला फॅक्टरीत आहे, नेक्स्ट वीक बघूया का?" दुकानातल्या त्या मुलीनंही जॅकेटं होसकोटेहून येतात असं सांगितलं होतं. मी नेक्स्ट वीकची वाट पाहिली नाही.

निघताना बसवराजकडे त्याची शिट्टी मागितली. तो घाबरला.

"संध्याकाळपर्यंत द्या, अक्का. सुपरवायझर आधी शिट्टी बघतो, मग माणूस."

होसकोटेला सकाळीच बिर्याणीसाठी रांगा लागलेल्या दिसल्या. नाश्त्याला बिर्याणी खाणारं गाव भेकड नसणार, असं म्हणून मी औद्योगिक वसाहतीत शिरले. फाटकावर नाव विचारलं तेव्हा तन्मयची काकू आहे असं सांगितलं. तो मला तसंच म्हणतो.

मला बघून तन्मयनं हातातला मोबाइल खाली ठेवला. "अरे काकू. तुम्ही इथे? आय मीन, कळवायचं ना."

"कळवलं असतं तर तू इथे असतास का?"

त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. मी माझं जॅकेट आणि त्यांचं एक जॅकेट कटिंगच्या टेबलावर शेजारी ठेवली आणि दोन्ही लूपांवर बोट ठेवलं. तो हसला आणि मोबाइलवर एक जुना फोटो काढला. बर्फातलं विमान, बाजूला वैमानिक, छातीवर पट्टा.

"हे बघा. ही हिस्टरी आहे काकू. यात कॉपी कसली?"

श्रीपादरावांनी सांगितलं होतं तसंच झालं. फोटोतला पट्टा रुंद आणि सरळ होता, पण तो फोटो तीन बोटांएवढा, वाद घालायला पुरेसा नव्हता.

टेबलापलीकडे त्यांचे कटिंग मास्तर उभे होते, नागराज नावाचे. मी त्यांना हिंदीत विचारलं, "लूप तिरछा क्यों है?"

मास्तर माझ्याकडे न बघता तन्मयला कन्नडमध्ये म्हणाले, "त्या सोलापूरच्या पीसवर तसाच होता ना. तुम्हीच म्हणालात, हा लूप राहू दे, बरा दिसतो."

"सुम्ने इरि, मास्तर," तन्मय हसू न मोडता म्हणाला. म्हणजे गप्प रहा. एवढं कन्नड त्यानं शिकून घेतलेलं होतं.

"नन्ग कन्नड बर्तैति," मी म्हटलं. मला कन्नड येतं.

मास्तर आधी हसले, मग खोकले. तन्मयचा चहा हातातच राहिला. मी त्यांच्या जॅकेटाच्या खांद्यावरून दोरी घेतली आणि बसवराजची शिट्टी त्या लूपमध्ये घातली. टक्कन बसली. ओढली तरी दोरी घासली नाही. वर्ल्ड वॉरचा ओरिजिनल लूप जे. पी. नगरच्या वॉचमनच्या शिट्टीच्या मापाचा निघाला.

"काकू, फेअर आहे, मी घेतला," तन्मय म्हणाला. आता त्याचा गोडवा कमी झाला होता आणि तो मला पहिल्यांदा बरा वाटला. "पण या धंद्यात सगळे सगळ्यांचं घेतात. हे अख्खं जॅकेटच आपण आर्मीचं घेतलंय. त्यांनी कुठे तक्रार केली?"

"त्यांना तू वॉचमनसारखं म्हणाला नव्हतास."

तो खाली बघायला लागला. "सॉरी," म्हणाला. फार चटकन म्हणाला, म्हणून मी ते जमेस धरलं नाही.

मला तेवढ्यावर सोडायचं नव्हतं, पण ओरडून काही मिळणार नाही हेही दिसत होतं. चोरी कबूल करून तो मोकळा झाला होता. मी उठून शेडमध्ये चक्कर मारली. धंदा बघायचा तर माणसाच्या तोंडाकडे बघू नये, खाली पडलेल्या मालाकडे बघावं. तिसऱ्या रांगेच्या मागे डाव्या पुढ्यांचा ढीग होता. उचलून बघितले. लूप वाकडा लागला, उसवला, परत लावला, आणि नायलॉनला भोकंच भोकं. एक मुलगी पट्टी लावून, खडूनं खूण करून, जीभ दातात धरून एकेक लूप लावत होती. तिरका लूप लावायला हात बसावा लागतो.

"हिवाळ्याचा माल वेळेवर जाणार नाही तुमचा," मी परत येऊन म्हटलं.

तन्मय आणि मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. आता कन्नडमध्येही कोणी बोललं नाही.

"माझी कलावती हा लूप डोळे मिटून लावते. डावे पुढे आमच्याकडे पाठवा, किंवा सगळं जॅकेट. पण अटी माझ्या."

त्यानंतरची घासाघीस लिहीत नाही. मला आवडते, वाचणाऱ्याला आवडेलच असं नाही. चहा तीनदा आला. मी एकदा पिशवी उचलून दारापर्यंत गेले आणि मास्तरांनीच मला परत बोलावलं. शेवटी ठरलं ते असं. परत पाठवलेल्या लॉटला मी नारिंगी अस्तर लावून देणार, कारण ती चूक माझी होती आणि आता त्याचं कारणही मला पटलं होतं. तो लॉट त्यांनी घ्यायचा. हिवाळ्याच्या ऑर्डरचा अर्धा भाग सोलापूरला.

राहिलं कार्ड.

"त्यावर लिही," मी म्हटलं, "की हा लूप वॉचमनच्या शिट्टीसाठी आहे."

"काकू, प्लीज. वॉचमन लिहिलं तर कोण घेईल?"

"खलाशाचा आतला कपडा लिहिलेला चालतो."

"खलाशी लांबचा आहे. वॉचमन गेटवर आहे."

त्याच्याइतकं गिऱ्हाईक मलाही कळतं. शाळेच्या ब्लेझरला मी 'इंग्लिश कट' म्हणते, तो कट कलावतीच्या जावेनं बसवला आहे. पण प्राणवायूची नळी मी सहन करणार नव्हते. मी म्हटलं, मग काहीच लिहू नकोस. लूप राहू दे, गोष्ट काढ. त्यानं कार्ड उलटसुलट केलं, मग मान डोलावली. मी त्याला समोर बसवून कार्ड छापणाऱ्याला मेसेज करायला लावला, आणि तो गेला हे दाखवणाऱ्या दोन खुणा उमटेपर्यंत मोबाइलवर नजर ठेवली. खरं लिहून घ्यायला मी गेले होते. खोटं पुसून घेण्यावर सौदा मिटला, एवढंच.

निरोप घेताना नागराज मास्तर मला फाटकापर्यंत सोडायला आले. कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, वरचा टाका दोनदा का असतो? आम्ही समजलो काही तरी लष्करी पद्धत असेल."

पुन्हा जे. पी. नगर

परतीची गाडी त्याच संध्याकाळी होती. निनादला झालेलं सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू ओरडली नाहीस?" मी म्हटलं, फक्त एकदा, दाराजवळ. सोलापूरला फोन केला तेव्हा कलावतीनं ऑर्डरचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्धीच?" माझ्याकडे राहून बाई तयार झाली आहे.

फाटकात बसवराज माझी वाट बघत होता, दर मिनिटाला रस्त्याकडे नजर. मी शिट्टी त्याच्या हातात ठेवली आणि पिशवीतलं जॅकेट दिलं, निळ्या अस्तराचं. ते एक मी लॉटमधून वगळायचं ठरवलं होतं.

"इथे रात्री गार असतं ना?"

"हौद्री अक्का." त्यानं ते उलटसुलट केलं. मी त्याला नारिंगी अस्तराची गोष्ट सांगितली, पडलेल्या वैमानिकाची, वरून शोधणाऱ्यांची. त्यानं लक्ष देऊन ऐकली.

"मग हे मला चालेल," तो म्हणाला. "मला कुणी वरून शोधणार नाही. मी शिट्टी मारतो, सगळे येतात."

"येतात?"

"कधी कधी."

त्यानं जॅकेट अंगात घातलं, चेन ओढली, काखेत हात घालून बघितलं. टोचत नव्हतं. मग शिट्टीची दोरी खांद्यावर टाकली आणि खाली न बघता, बोटानं चाचपून, शिट्टी लूपमध्ये सरकवली. लूप कशाचा हे त्यानं विचारलंच नाही. तेवढ्यात बाहेर गाडीनं हॉर्न दिला, तो फाटक उघडायला वळला.

मी त्याला थांबवलं आणि शिट्टी ओढून बघितली. नीट बसली होती. आणखी एकदा ओढली, आणि मग त्याला जाऊ दिलं.